ओटीपी देण्याआधी

“मॅडम, तुमच्या खात्यात वर्षभरात १८ लाख ४० हजार आलेत आणि रिटर्नमध्ये उत्पन्न दिसतंय ४ लाख ८० हजार. मी कुठला आकडा धरू?”

मे २०२२ मधली गोष्ट. मुलुंड पूर्वेला एक छोटा गाळा ऑफिससाठी घ्यायचा होता, म्हणून कर्जाची चौकशी करायला बँकेत गेले होते. समोरचे अधिकारी वयाने माझ्याहून लहान, बोलणं अगदी साधं. आवाजात आरोप नव्हता, त्यांना फक्त आकडा हवा होता. मी गप्प बसले, कारण ते रिटर्न मी कधी वाचलंच नव्हतं. त्याची पीडीएफ फोनमध्ये दोन वर्षं पडून होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. चौदा वर्षं दादरच्या एका कन्सल्टन्सीत नोकरी केली आणि मार्च २०१९ मध्ये ती सोडून स्वतःचं काम सुरू केलं. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, त्यामुळे काम मिळेल याची खात्री होती आणि ते मिळालंही. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विक्रोळी इथल्या सोसायट्या, तीन-चार आर्किटेक्ट, आणि दुबईतली एक कंपनी, तिला मी सळयांची डिटेलिंग ड्रॉइंग्ज करून देते. मला गच्चीवरची टाकी, जिन्याखालचा कॉलम, बाथरूमच्या गळतीने सडलेला स्लॅब हे सगळं कळतं. पण नोकरीत असताना फॉर्म १६ आयता हातात यायचा. टॅक्स म्हणजे काय हे मी कधी हाताने करून पाहिलं नव्हतं.

पहिल्या वर्षी आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी त्यांचा टॅक्सवाला सुचवला. स्टेशनजवळच्या गाळ्यात ते बसायचे. बाहेर बोर्डावर पॅन कार्ड, जीएसटी, रिटर्न, गुमास्ता, सगळं लिहिलेलं. पंधराशे रुपये फी. मी बँक स्टेटमेंट दिलं, आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या. चार दिवसांनी फोन आला, “ताई, ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा.” मी विक्रोळीत एका इमारतीच्या पोडियमवर उभी होते, हातात हातोडी. ओटीपी सांगितला आणि पुन्हा कॉलम ठोकायला लागले. पुढे महिन्याभरात ५२ हजारांचा रिफंड आला. त्यात भर घालून मी काँक्रीटची ताकद तपासायचा रिबाउंड हॅमर घेतला. केवढा आनंद झाला होता! दुसऱ्या वर्षीही तसंच झालं.

बँकेतून घरी आल्यावर त्या रात्री मी पहिल्यांदा आयकराच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करायला बसले, तर लॉगिन होईना. पासवर्ड माझ्याकडे नव्हता. ‘पासवर्ड विसरलात’ केलं तर ओटीपी ज्या मोबाईलवर जाणार त्याचे शेवटचे आकडे माझे नव्हते, ईमेलही माझा नव्हता. दोन्ही त्या टॅक्सवाल्यांचे. म्हणजे दोन वर्षं आयकर खात्याने मला जे काही कळवलं असेल ते त्यांच्या इनबॉक्समध्ये गेलं होतं, त्यांच्या शेकडो गिऱ्हाइकांच्या मेलमध्ये मिसळून.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण माझ्यासारखे बरेच जण याच जागी अडकलेले मी नंतर पाहिले. आधारला तुमचा स्वतःचा मोबाईल जोडलेला असेल तर आधारच्या ओटीपीने पासवर्ड नव्याने करता येतो. आत गेल्यावर प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल आपला टाकायचा. त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. आधी भरलेली सगळी रिटर्न्स तिथेच डाउनलोड करायला मिळतात. मी त्या टॅक्सवाल्यांकडे फाईल मागितली तेव्हा ते तीन आठवडे “गोडाऊनला आहे” म्हणत राहिले. ती फाईल आजतागायत आली नाही आणि मला तिची गरजही पडली नाही.

रात्री दीडपर्यंत मी ते रिटर्न वाचत होते. माझा व्यवसाय ‘कंत्राटदार’ म्हणून दाखवला होता. म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या, छोट्या धंद्यांसाठी असलेल्या ४४एडी कलमाखाली. त्यात उलाढालीच्या सहा किंवा आठ टक्के नफा दाखवला तरी चालायचं. पण इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए यांना ते कलम लागूच नव्हतं. आमच्यासाठी ४४एडीए होतं, त्यात जमा रकमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरावी लागायची. १८ लाख ४० हजारांची निम्मी म्हणजे ९ लाख २० हजार. आणि तिथे लिहिलेलं ४ लाख ८० हजार, म्हणजे पाच लाखांच्या आत, सगळा टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला कर, परत मिळेल असा बेतलेला आकडा. माझ्या नावाने, माझ्या ओटीपीने.

मला त्या माणसाचा राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. आमच्या कामात बीमच्या खालच्या बाजूला प्लास्टर फुगलेलं दिसतं. लोक म्हणतात, जरा गिलावा करून रंग मारू. खरवडलं की आत सळई गंजून निम्मी झालेली असते. त्या रात्री माझ्या स्वतःच्या कागदांत मला तेच दिसत होतं आणि ते कुणाला दाखवायचं हे कळत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी माणूस शोधत होते.

पहिले भेटले ते फोर्टमधल्या, हॉर्निमन सर्कलजवळच्या एका जुन्या फर्मचे भागीदार. ओळखीतून वेळ मिळाली होती. दहा मिनिटं अगदी आस्थेने बोलले, मग म्हणाले, “आमची मुलं बघतील तुमचं.” फी माझ्या आवाक्याबाहेर होती, आणि जुलै-सप्टेंबरमध्ये कंपन्यांच्या ऑडिटच्या ढिगात माझी फाईल तळाशी जाणार हे दिसत होतं. त्यात त्यांचा दोष काही नाही. त्यांचं दुकानच वेगळ्या गिऱ्हाइकासाठी होतं.

दुसरे ठाण्याचे. त्यांनी माझे कागद उघडलेही नाहीत. “टॅक्स शून्यावर आणून देतो, रिफंडच्या दहा टक्के माझे.” हे ऐकलं आणि मी उठले. सीएंच्या कायद्यात नफ्याच्या किंवा निकालाच्या टक्क्यावर फी घ्यायला मनाई आहे, हे मला पुढे समजलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं की या माणसाला माझा रिफंड वाढण्यात रस आहे आणि नोटीस आली की ती माझी एकटीची असेल. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवलं असं ठरलं तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के होऊ शकतो. तो दंड ‘रिफंडच्या दहा टक्के’ घेणाऱ्याला भरावा लागत नाही.

तिसऱ्या मॅडम. मुलुंडमध्येच, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं ऑफिस. आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करणारी दोन मुलं, भिंतीला लागून दोऱ्याने बांधलेल्या फायली. मैत्रिणीच्या सासऱ्यांचं काम त्या करत होत्या. जाण्याआधी मी सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) वेबसाइटवर त्यांचं नाव आणि सदस्यत्व क्रमांक तपासला, प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र आहे ना हेही पाहिलं. सीए असणं आणि प्रॅक्टिस करणारा सीए असणं यात फरक आहे. बोर्डावर ‘टॅक्स कन्सल्टंट’ लिहिणारा माणूस सीए असतोच असं नाही, आणि तो वाईट असतो असंही नाही. माझ्या आत्याचं पेन्शनचं रिटर्न एक निवृत्त बँक कर्मचारी वर्षानुवर्षं निगुतीने भरतात. पण माझ्याकडे टीडीएस होता, परदेशातले पैसे होते, जीएसटी उंबरठ्यावर होता आणि दोन चुकलेली वर्षं होती.

मॅडमनी चहा सांगितला आणि तासभर फक्त प्रश्न विचारले. टीडीएस कोण कोण कापतं, आर्किटेक्ट की सोसायट्यापण? दुबईचे पैसे कुठल्या खात्यात येतात, बँक काही कागद देते का? कोअर टेस्टची लॅबची बिलं कुणाच्या नावावर? व्यवसाय कर भरता का? आणि शेवटचा, “ई-फायलिंगला मोबाईल कुणाचा आहे?” मी म्हटलं, तीन आठवड्यांपूर्वी माझा केला. त्या हसल्या नाहीत. वहीत टिक केली.

मग मी चुकलेल्या वर्षांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “रिटर्न तुमच्या नावावर आहे, त्यामुळे तुम्हीच दुरुस्त करायचं. नोटीस येण्याआधी केलं तर बरं.” त्याच वर्षीच्या बजेटमध्ये अपडेटेड रिटर्नची सोय आली होती, १ एप्रिल २०२२ पासून. राहिलेलं उत्पन्न दाखवून कर आणि व्याज भरायचं, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर जादा रक्कम, किती उशीर झालाय त्याप्रमाणे तेव्हा २५ किंवा ५० टक्के. २०१९-२० चा माझा खरा कर निघाला ६३,९६० रुपये. व्याज आणि वरचे ५० टक्के धरून रक्कम लाखाच्या घरात गेली. दुसऱ्या वर्षाची रक्कम लहान होती आणि तिच्यावर २५ टक्के. गाळ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी चलनं भरली. गाळा त्या वर्षी राहिला.

व्यवसाय कराचा प्रश्न त्यांनी का विचारला होता तेही सांगते, कारण ही गोष्ट स्वतंत्र काम करणाऱ्या किती जणांना माहीतच नसते. नोकरीत पगारातून कापला जातो तोच हा कर. पण स्वतःचं काम सुरू केलं की महाराष्ट्रात आपण स्वतः नाव नोंदवून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात, ३० जूनच्या आत. रक्कम लहान आहे. पण ती साठत जाते आणि व्याज चढत जातं. मी तीन वर्षांचं एकदम भरलं.

फीबद्दल आमचं पहिल्याच दिवशी बोलणं झालं आणि ते कागदावर आलं. वर्षाला १८ हजार अधिक जीएसटी. त्यात काय काय येतं, काय येत नाही, नोटीस आली तर वेगळे किती, कागद मी कधीपर्यंत द्यायचे, त्या मसुदा कधी दाखवणार, सगळं दोन पानांत. मी स्वतः सोसायट्यांना ऑडिटचं पत्र देताना कामाची व्याप्ती लिहून देते, कारण नाही लिहिली तर कमिटी म्हणते, “गच्चीचं वॉटरप्रूफिंगपण तुम्हीच बघा ना.” तरी स्वतःच्या हिशेबाचं काम देताना असं पत्र मागावं हे मला आधी सुचलं नव्हतं. पंधराशे आणि अठरा हजार यांच्यात फरक मोठा आहे, माझ्या आईला तो अजून पटत नाही. मला पटला तो पुढच्या वर्षी, लॅबच्या बिलांवरून.

झालं असं. ऑडिटमध्ये काँक्रीटचे कोअर, म्हणजे नमुने, काढून लॅबला पाठवावे लागतात, कार्बोनेशन, क्लोराइड अशा चाचण्या होतात. मी सोसायटीला एकच बिल द्यायचे, माझी फी आणि लॅबचा खर्च एकत्र, आणि लॅबला मी पैसे द्यायचे. सोसायटीला सोपं पडतं म्हणून. २०२२-२३ मध्ये तीन मोठी ऑडिट्स आली आणि माझ्या खात्यातली जमा २० लाखांच्या पुढे सरकणार असं दिसायला लागलं. मॅडमनी डिसेंबरात स्टेटमेंट पाहिलं आणि लगेच फोन केला. यातले पाच-सहा लाख तुमचे नाहीतच, लॅबचे आहेत, म्हणाल्या. पण बिल तुमच्या नावाने फाटतंय म्हणून ती तुमची जमा. निम्मं उत्पन्न त्यावरही धरलं जाणार. हातात न राहिलेल्या पैशांवर तुम्ही कर भरणार आणि जीएसटीच्या मर्यादेलाही त्याच पैशांमुळे पोचणार.

उपाय साधा होता. लॅबने सोसायटीला परस्पर बिल द्यायचं, सोसायटीने लॅबला परस्पर पैसे द्यायचे, मी फक्त नमुने कुठून काढायचे ते सांगायचं आणि रिपोर्ट वाचायचा. सेक्रेटरी काकांना दोन चेक लिहावे लागले, एवढंच. ४४एडीएखाली निम्म्याहून कमी नफा दाखवायचा तर हिशेबाची पुस्तकं ठेवून टॅक्स ऑडिट करून घ्यावं लागतं. ती वाट त्यांनी मला समजावली आणि माझ्यासाठी ती कशी महाग पडेल तेही आकडे मांडून दाखवलं. हा एक फोन मी मागितला नव्हता. त्यांनी माझं स्टेटमेंट डिसेंबरात उघडलं म्हणून तो आला. जुलैत उघडलं असतं तर वर्ष संपून चार महिने झालेले असते.

जीएसटी तरीही २०२३-२४ मध्ये आलाच, काम वाढलं म्हणून. सेवा देणाऱ्यांना २० लाखांची मर्यादा आहे, आणि दुबईचं कामही त्यात मोजलं जातं, त्यावर कर शून्य असला तरी. आर्किटेक्टना फरक पडला नाही, त्यांना १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ते स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येतात. लहान सोसायट्यांना मिळत नाही, त्यांच्यासाठी मी तेवढी महागच झाले. ऐरोलीच्या एका कमिटीने माझं काम सोडून दुसऱ्या इंजिनिअरला दिलं. वाईट वाटलं. आता कोटेशनमध्ये पहिल्या पानावरच जीएसटीसकट आकडा लिहिते. दुबईसाठी दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला एलयूटी हे हमीपत्र भरायचं, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते, आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवायचा. तीन महिन्यांचं रिटर्न भरायची सोय मी घेतली आहे, त्यामुळे १३ आणि २२ या दोन तारखा माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेल्या असतात.

मॅडमकडून चूक झाली नाही असं नाही. एकदा त्यांच्याकडच्या आर्टिकलची परीक्षा होती आणि माझं जीएसटी रिटर्न चार दिवस उशिरा गेलं. दिवसाला ५० रुपये उशिराचा आकार, म्हणजे २०० रुपये. मला पत्ताही नव्हता. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, पैसे स्वतः भरले आणि पुढच्या महिन्यापासून त्या मुलाच्या कामावर दुसऱ्याची नजर ठेवली. दोनशे रुपयांसाठी केलेला तो फोन माझ्या मनात अजून आहे. माणूस निवडताना ही गोष्ट आधी कळायला काही मार्ग नसतो. एखाददुसरं वर्ष काढावंच लागतं.

आणि माझ्याकडूनही झाली. २०२३ मध्ये मी कागद दिले २८ जुलैला. घाटकोपरच्या एका इमारतीला टेकू लावायचं काम चालू होतं, पाऊस थांबत नव्हता, आणि मी ‘उद्या देते’ म्हणत राहिले. ३१ जुलैच्या रात्री साडेनऊला पोर्टल अडकत होतं, मॅडम ऑफिसात होत्या, त्यांची मुलगी त्यांची वाट पाहत घरी. घाईत एका एफडीचं व्याज राहिलं आणि नंतर रिटर्न सुधारून भरावं लागलं. आपण चांगला सीए शोधतो, पण त्यांना काम करायला वेळ देत नाही. तेव्हापासून एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मी बसते. प्रत्येक बिल क्रमांकाने, कुणाकडून किती आले, किती टीडीएस कापला, तारीख. व्यवसायाचं बँक खातं वेगळं केलं. त्यात घरचं दूध, मुलाची फी असलं काही येत नाही. १५ मेपर्यंत फाईल त्यांच्याकडे. २०२५ मध्ये मुदत १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, पण माझं रिटर्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलं.

टीडीएसबद्दल थोडं. आमच्या धंद्यात १० टक्के कापतात, आणि वर्षाला ३० हजारांवर कापायचे ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० हजार झाली. लहान सोसायट्यांचं बिल ४० हजारांचं असेल तर आता काहीच कापलं जात नाही, पूर्ण पैसे हातात येतात. ते सगळे आपले वाटतात. आमच्यासाठी आगाऊ कर चार हप्त्यांत नाही, १५ मार्चच्या आत एकदम भरायचा असतो, आणि ज्या वर्षी टीडीएस कमी त्या वर्षी तो आकडा मोठा असतो. मी दर जमेतले पंधरा टक्के वेगळ्या खात्यात टाकते. हा माझा अंदाज आहे. तुमचा आकडा तुमच्या सीएला विचारा.

जिथे टीडीएस कापला जातो तिथे दुसरी अडचण. कापला म्हणजे भरला असं नाही. सोसायटीचे अकाउंटंट कधी चुकीच्या पॅनवर टाकतात, कधी रिटर्नच भरत नाहीत. आयकराच्या पोर्टलवरून २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची यादी, पाहता येते, तिथे आपल्या नावावर ती रक्कम दिसली तरच तिचं क्रेडिट सुरळीत मिळतं. मी तिमाहीला एकदा बघते, वर्षाच्या शेवटी नाही. दोन वर्षांनी सोसायटीची कमिटी बदललेली असते आणि नव्या सेक्रेटरीला जुनं बिल सापडत नाही.

गाळा शेवटी २०२४ मध्ये झाला. बँकेने तीन वर्षांची रिटर्न्स आणि सीएने प्रमाणित केलेलं नेटवर्थचं पत्रक मागितलं. त्या पत्रकावर अठरा आकडी-अक्षरी यूडीआयएन होता. तो इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर टाकला की कुणालाही पडताळून पाहता येतं की हे पत्रक खरंच त्या सीएने दिलंय. मी बँकेत देण्याआधी स्वतः टाकून पाहिला. या वेळी अधिकारी दुसरे होते. त्यांनी खात्यातला आकडा पाहिला, रिटर्नमधला पाहिला, आणि पुढचं पान उलटलं.

गेल्या जूनमध्ये नेहमीप्रमाणे मॅडमच्या ऑफिसात गेले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. आमचा हा नेम आहे, मसुदा पूर्ण वाचल्याशिवाय मी ओटीपी देत नाही आणि त्या मागत नाहीत. आर्टिकलच्या मुलांनाही तसंच सांगून ठेवलंय. खाली रस्त्यावर पाऊस, साडीच्या दुकानातून प्लास्टिकचं शेड ओढल्याचा आवाज. मी एकेक ओळ वाचत होते. जमा, बरोबर. व्याज, बरोबर, एफडी धरून. टीडीएसच्या यादीवर आले आणि थांबले. भांडुपच्या एका सोसायटीने जानेवारीत माझ्या बिलातून साडेसात हजार कापले होते, माझ्या वहीत होतं, यादीत नव्हतं. डिसेंबरच्या तिमाहीपर्यंत सगळं जुळलं होतं, शेवटची तिमाही पाहायची माझीच राहिली होती.

“थांबूया मग,” मॅडम म्हणाल्या आणि फाईल बंद केली.

मी तिथूनच त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. “काका, जानेवारीच्या बिलाचा टीडीएस दिसत नाही हो माझ्या नावावर. चलन भरलंय का तेवढं बघता?” ते म्हणाले, अकाउंटंट शनिवारी येतो, विचारून सांगतो. मी शनिवारी अकराची वेळ फोनमध्ये लावली आणि छत्री उघडून खाली उतरले.